अनुभव धागा: दोन बायका, एक खोली

पागोळी
काल इथे बडोद्यात, अकोट्याला सयाजीराव नगरगृहात दोनपात्री नाटक बघितलं. तुरुंगातली एक कोठडी, सत्तरीची बाई आणि नुकतीच आत आलेली मुलगी. एका सकाळी म्हातारी आपली वाकळ घडी करते आणि काही न बोलता मुलीचीही करते. तिथून पुढचं मला नीट दिसलंच नाही.

2024 चा विश्वामित्री नदीचा पूर आठवला. लग्नाला आठ महिने झालेले, हे सुरतेला अडकलेले. गोकुळाष्टमीच्या रात्री मी आणि सासूबाई वरच्या खोलीत गेलो ते चौथ्या दिवशी उतरलो. त्यांचं इन्सुलिन खाली फ्रिजमध्ये राहिलेलं. जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत पाणी. त्या म्हणाल्या, "नको जाऊस, नदीतली मगर असेल." मी ऐकेना, तेव्हा त्यांनी पेटीतून आपल्या सासूचं नऊवारी लुगडं काढलं, एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला. मी परत येईपर्यंत पायरीवर बसून रामरक्षा म्हणत होत्या. तोवर मला "सूनबाई" म्हणायच्या. त्या रात्रीपासून नावाने हाक मारतात.

तुम्हीही असं कुणासोबत अडकला असाल तर लिहा.

कारेलीबाग
बाई गं, लुगडं वाचून काटा आला
आमच्याकडे पाऊस थांबला तरी पाणी चढतच होतं, विश्वामित्री 37 फुटांवर. मी आणि नणंदेची चौदा वर्षांची लेक. फोन बंद, मग ती बोलायला लागली. शाळेतलं सगळं सांगितलं, आईला न सांगितलेलंही. ते इथे लिहीत नाही. कुकर लागलाय, नंतर येते

मांडवीची
माझं असं गोड नाही. 2020 चा लॉकडाऊन, पोळ म्हणतात तसल्या जुन्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर, मी आणि आत्या. माझं लग्न तिला मान्य नव्हतं. एकवीस दिवसांत ताट वाढलं, औषध दिलं, पण बोलणं "मीठ दे" एवढंच. मला वाटायचं, आधी तिने बोलावं. तिलाही तेच वाटत असणार. पुढच्या वर्षी ती गेली. नाटक बघायला जाणार नाही, झेपणार नाही.

पागोळी
@मांडवीची, ताट वाढत होतीस ना. ते तिला कळलं असेल गं.

मांडवीची
हं. रोज गरम पोळी मात्र मलाच आधी वाढायची ती.

नेपथ्य
नाटक मीही बघितलं. मी युनिव्हर्सिटीत नाट्य शिकले. म्हातारी करताना कंबर वाकवायची नाही, असं सर सांगायचे. बसताना आधी हात टेकण्याची जागा शोधायची, मग बसायचं. या नटीने पहिल्या प्रवेशात भिंत शोधली आणि शेवटी मुलीचा खांदा. संवाद एकही नाही! मी तिथे एकटीच टाळ्या वाजवल्या, शेजारच्या काकांनी बघितलं माझ्याकडे.

समाकर
इन्सुलिनचं पुढे काय केलंत? लाइट तर नव्हते

पागोळी
माठात. डबी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली, पाणी अर्धं केलं, त्यात तरंगत ठेवली, वरून ओलं फडकं. युक्ती त्यांचीच.

समाकर
वा! आईला सांगतो.

कारेलीबाग
आले परत. आमचा सिलिंडर तरंगत अंगणात गेला होता 😄 तीन दिवस खाखरे आणि लिलो चिवडा. अजून चिवडा बघवत नाही. लेक आता बारावीला आहे, परवा फोन आला, "मामी, तुलाच आधी सांगते."

रावपुरा ७०+
मुलींनो, मी यातली म्हातारी. धाकट्या जावेच्या सुनेबरोबर दोन रात्री माळ्यावर होते. रात्री लघवीला बादली वापरायची लाज मला वाटत होती, तिला नाही. ती तोंड फिरवून गाणं म्हणायची, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. एवढंच लिहायचं होतं.

पागोळी
काकू 🙏

नेपथ्य
त्या लुगड्याचं काय झालं?

पागोळी
आहे. चिखलाचा डाग काठावर राहिलाय. धुवायला द्यावं का?

रावपुरा ७०+
जरीकाठ असेल तर सोडा नको हं. रिठे रात्रभर भिजत घाल, सकाळी त्या पाण्यात हलकं खळबळ, सावलीत वाळव. पिळू नको.

पागोळी
सासूबाई म्हणतात, डाग राहू दे. पण रिठे भिजत घातलेत त्यांनीच.