तिघांसाठी तीन-दोन-पाच

चौथा भिडू मिळत नाही म्हणून मेंढीकोट हा पत्त्यांचा खेळ सुटला आणि पत्त्यांचा डबा माळ्यावर गेला, असं एकाने लिहिलंय. मेंढीकोटला चौघं लागतात हे खरंच, पण तेवढ्यासाठी पत्ते कशाला बंद करायचे? तिघं असाल तर तीन-दोन-पाच खेळा. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतचे सगळे आणि इस्पिक-बदामच्या दोन सत्त्या, असे ३० पत्ते, प्रत्येकाला १०. एकाने तीन, एकाने दोन आणि एकाने पाच हात करायचे, म्हणजे तेवढ्या फेऱ्या जिंकायच्या. पाच हातवाला पहिले पाच पत्ते बघून हुकूम, म्हणजे बाकीच्यांवर वरचढ ठरणारा रंग, बोलतो.

खरी मजा पुढच्या डावात. ज्याचे हात ठरल्यापेक्षा जास्त झाले तो कमी झालेल्याकडून तेवढे पत्ते न बघता ओढतो आणि बदल्यात आपले नकोसे देतो. पुण्यात आम्ही तिघं एकाच खोलीत राहायचो, तेव्हा जेवणं झाली की रोज बसायचो. एकदा माझा एक हात कमी पडला होता. पुढच्या डावात मित्राने माझ्याकडून नेमका हुकमाचा एक्का ओढला आणि मला किलवरची अठ्ठी टेकवली! माझ्यावर पाच हात होते, झाले तीन. त्या रात्री दोन वाजेपर्यंत कुणी उठलं नाही.