वाग्नरचे संगीत इस्रायलमध्ये वाजवले जावे का?

पूर्वरंग:
कलावंत आणि त्याची कला यांची फारकत करावी का, या प्रश्नावर हवेतल्या हवेत कितीही बोलता येते. म्हणून चर्चा एकाच उदाहरणापुरती ठेवावी, अशी विनंती आहे. जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर याच्या रचना इस्रायलमधील वाद्यवृंद जाहीर मैफलीत सहसा वाजवीत नाहीत. तसा कायदा नाही, तो संकेत आहे. १९३६ साली व्हायोलिनवादक ब्रोनिस्लाव्ह हुबरमान यांनी युरोपात काम गमावलेल्या ज्यू वादकांना एकत्र करून पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्रा (आजचा इस्रायल फिलहार्मोनिक) उभा केला, तेव्हा वाग्नर वर्ज्य नव्हता; इटालियन संगीतसंचालक तोस्कानिनी यांनी याच वाद्यवृंदाकडून वाग्नरच्या ‘लोहेन्ग्रीन’ या ऑपेरातील भाग वाजवून घेतले होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली आणि दुकाने फोडली गेली. त्यानंतर वाद्यवृंदाने वाग्नरच्याच ‘माइस्टरसिंगर’ या ऑपेराचे ठरलेले प्रारंभसंगीत कार्यक्रमातून काढले आणि तेव्हापासून ही प्रथा चालत आली.

माझ्या मते हा संकेत आता सोडावा. वाग्नरचा ज्यूद्वेष मी नाकारत नाही. १८५० मध्ये त्याने टोपणनावाने लिहिलेला ‘संगीतातील ज्यूपण’ हा लेख आणि १८६९ मध्ये तोच लेख स्वतःच्या नावाने पुन्हा छापण्याचा निर्ढावलेपणा, दोन्ही उघड आहेत. परंतु त्याच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ या ऑपेराच्या आरंभी चेलो एक हळवा स्वरसमूह उचलतात, त्यावर लाकडी सुषिर वाद्ये एक असा स्वरमेळ धरतात की तो कुठेच विसावत नाही, आणि समेची वाट पाहायला लावून ती टाळत राहणाऱ्या गवयाप्रमाणे वाग्नर ती विश्रांती सुमारे चार तासांनी, नायिकेच्या अखेरच्या गाण्यात देतो. यात ज्यूंविरुद्ध काय आहे? पुढच्या पिढ्यांतील संगीतकार मालर आणि शोनबर्ग हे दोघेही ज्यू कुटुंबांत जन्मलेले, आणि दोघेही या संगीताचे ऋणी. त्यांना वाजवायचे आणि त्यांनी जेथून घेतले ते मात्र दाराबाहेर ठेवायचे, हे मला पटत नाही.

कृष्णाकाठ:
पूर्वरंग यांनी संगीताचे वर्णन सुरेख केले आहे, पण फारकतीचा त्यांचा आग्रह वाग्नरलाच मान्य झाला नसता. आपल्या ऑपेरांची संहिता तो स्वतः लिहीत असे, कलेने समाज घडवावा असे ग्रंथ लिहीत असे आणि १८७६ मध्ये जर्मनीतील बायरॉइट या गावी त्याने केवळ स्वतःच्या कृतींसाठी नाट्यगृह उभारले. त्याचा द्वेष खासगी पत्रव्यवहारापुरता असता तर मी तो बाजूला ठेवला असता. १८५० चा लेख मात्र संगीताविषयीच आहे: ज्यू माणूस अस्सल कला निर्माण करू शकत नाही, तो फक्त नक्कल करू शकतो, हे त्याचे प्रतिपादन. ज्यू कुटुंबात जन्मलेला संगीतकार मेंडेल्सॉन तीन वर्षांपूर्वी वारला होता, त्यालाही त्याने सोडले नाही. ज्या ज्यू संगीतकार मायरबेअरने वाग्नरला पडत्या काळात पैसे दिले, शिफारसपत्रे दिली, त्याच्यावरही याच लेखात नाव न घेता वार केला. १८८२ मध्ये वाग्नरच्या ‘पार्सिफाल’ या ऑपेराचा पहिला प्रयोग ज्यांनी संचालित केला ते हेर्मान लेवी रब्बींचे पुत्र होते, त्यांनी बाप्तिस्मा घ्यावा म्हणून वाग्नर त्यांच्या मागे लागला होता. लेवींचे उदाहरण वाग्नरच्या उदारतेचा पुरावा म्हणून दिले जाते, ते मला म्हणूनच खटकते.

वाग्नर १८८३ मध्ये वारला आणि हिटलर १८८९ मध्ये जन्मला, हा हिशेब अनेकजण मांडतात. तो पुरेसा नाही. वाग्नरची सून विनिफ्रेड १९२३ पासून हिटलरची स्नेही होती आणि बायरॉइटचा महोत्सव त्याच्या छत्राखाली भरत होता. न्यूरेम्बर्गच्या नाझी पक्षमेळाव्यांच्या वेळी ‘माइस्टरसिंगर’चे प्रयोग होत. हे नाते बाहेरून लादलेले नव्हते. घरच्यांनी दार उघडून दिले होते.

निषाद:
सुनेच्या कृत्याची जबाबदारी चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या सासऱ्यावर टाकता येणार नाही. लेखाची जबाबदारी त्याची आहे, तेवढीच धरावी.

अश्दोदवासी:
मी बेने इस्रायल समाजातील असून आमचे कुटुंब अलिबागजवळून इकडे इस्रायलमध्ये आले. कोकणात आमच्या पूर्वजांना शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखत आणि ज्यू म्हणून त्यांच्या वाट्याला छळ आला नाही. त्यामुळे आमच्या घरातून कोणीही नाझींच्या छावणीत गेले नव्हते. लहानपणी शेजारच्या जिन्यात एक आजी राहत. भाजी निवडताना त्यांची बाही वर सरके आणि हातावर गोंदलेला छावणीतला निळा आकडा दिसे. त्यांनी त्याबद्दल काही सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. दरवर्षी ज्यूसंहाराच्या स्मृतिदिनी भोंगा वाजतो, महामार्गावरच्या गाड्या थांबतात, माणसे खाली उतरून दोन मिनिटे उभी राहतात. मी त्या आजींसाठी उभा राहतो.

वाग्नर ऐकण्यास येथे कोणी अडवत नाही. ज्याला हवे तो घरी ऐकतो, बर्लिनला किंवा बायरॉइटला जाऊनही ऐकतो. राष्ट्रीय वाद्यवृंदाच्या वार्षिक वर्गणीच्या मैफलीत तो वाजवणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण तेथे ती निवड सर्वांच्या नावाने होते. छावण्यांत वाग्नर वाजवत असत, असे येथे सर्रास म्हटले जाते. तेथील कैद्यांचे वाद्यवृंद मुख्यतः कामावर जाणाऱ्यांसाठी कूचगीते वाजवत, हे मला माहीत आहे, आणि माझे मत त्या समजुतीवर आधारलेले नाही. हे संगीत कानावर पडताच एखाद्याच्या मनात काय जागे होते, याचा निर्णय मी त्याच्या वतीने करणार नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

वादी-संवादी:
अश्दोदवासी यांच्या शब्दांचा आदर राखूनही मी पूर्वरंग यांच्या बाजूने आहे. मुंबईत जन्मलेले संगीतसंचालक झुबिन मेहता यांनी १९८१ मध्ये तेल अवीवमध्ये मैफल संपल्यावर ‘ट्रिस्टान’चा अखेरचा भाग वाजवण्याचे ठरवले. ज्यांना नको असेल त्यांनी निघून जावे, असे त्यांनी श्रोत्यांना आधी सांगितले होते आणि ज्या वादकांना ते वाजवायचे नव्हते त्यांना मोकळीकही दिली होती. तरीही सभागृहातील एका सेवकाने मंचापाशी येऊन सदरा वर केला आणि अंगावरचे व्रण दाखवले. त्या माणसाला कोणीही चूक म्हणू शकत नाही. मीही म्हणत नाही.

पण जखमी माणसे एका मताची नसतात. २००० मध्ये इस्रायलमधील रिशोन लेझिऑन येथील वाद्यवृंदाने वाग्नरची ‘सीगफ्रीड इडिल’ ही रचना वाजवली. संचालक मेंडी रोडान हे स्वतः नाझींच्या ज्यूसंहारातून वाचलेले होते. श्रोत्यांतील ज्या वृद्धाने खुळखुळा वाजवून निषेध केला तोही वाचलेलाच. मग वेदनेच्या नावाने बोलण्याचा अधिकार यांपैकी कोणाचा?

हयात कलावंतांचा प्रश्न मला वेगळा वाटतो. अमेरिकन गायक आर. केली याला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२१ मध्ये लैंगिक शोषणाच्या गुन्ह्यांत दोषी ठरवले आणि पुढच्या वर्षी तीस वर्षांची शिक्षा दिली. त्याचे गाणे वाजवल्याने पैसा आणि प्रतिष्ठा आजही कोठेतरी पोहोचते आणि त्याच्या हातून पोळलेल्या स्त्रिया ते ऐकत असतात. वाग्नरला यांतील काहीच मिळत नाही.

कृष्णाकाठ:
त्याला पैसा मिळत नाही, पण मान मिळतो, आणि राष्ट्रीय मंच हा मानच देतो. शिवाय मेहता आणि त्यांच्यानंतर संगीतसंचालक डॅनिएल बॅरनबॉइम यांनी निवडलेला मार्ग मला अयोग्य वाटतो. जुलै २००१ मध्ये जेरुसलेमच्या महोत्सवात बॅरनबॉइम वाग्नर सादर करणार होते. विरोध झाल्यावर कार्यक्रम बदलला आणि मैफल संपताच त्यांनी श्रोत्यांशी अर्धा तास वाद घालून ‘ट्रिस्टान’चे प्रारंभसंगीत वाजवलेच. छापील कार्यक्रमावर विश्वासून तिकीट काढलेल्या माणसाला रात्री उशिरा, शेजाऱ्यांच्या देखत, उठून जाण्याची किंवा बसून राहण्याची निवड करायला लावणे याला मी मोकळीक म्हणणार नाही.

पूर्वरंग:
हा आक्षेप मला मान्य करण्याजोगा वाटतो आणि त्याचे उत्तरही सरळ आहे: वेगळी मैफल, आधी जाहीर केलेला कार्यक्रम, वेगळे तिकीट. परंतु नेमके हेच २०१२ मध्ये करून पाहिले गेले. तेथील वाग्नर सोसायटीने तेल अवीव विद्यापीठाच्या सभागृहात केवळ वाग्नरची मैफल ठरवली होती. कोणाच्याही वर्गणीचा तिच्याशी संबंध नव्हता, कोणी नकळत येऊन बसण्याचा संभव नव्हता. विद्यापीठाने परवानगी काढून घेतली, नंतर एका हॉटेलनेही जागा नाकारली. राष्ट्रीय मंचाचा मान, फसलेला श्रोता, बळजबरीचे ऐकणे, यांपैकी एकही मुद्दा तेथे लागू नव्हता. मग त्या मैफलीला विरोध कोणत्या आधारावर करायचा, हे कृष्णाकाठ आणि अश्दोदवासी या दोघांनी सांगावे.

अश्दोदवासी:
सभागृह देताना कार्यक्रम वाग्नरचा आहे हे आपल्याला सांगितलेच नव्हते, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. ते खरे असेल तर आयोजकांनीही उघडपणा राखला नाही. तो मुद्दा सोडला तरी विद्यापीठ सार्वजनिक पैशावर चालते, त्यामुळे त्याने नकार देणे मला योग्य वाटते. हॉटेलविषयी मी तसे म्हणणार नाही. खासगी जागेत, नावानिशी जाहीर करून कोणी ही मैफल केली तर मी दारात निषेधाला उभा राहणार नाही, आणि आतही जाणार नाही.