अँजिओ नॉर्मल म्हणजे ठोके नॉर्मल असं नाही

रंकाळ्यावर फिरताना वडिलांची छाती एकदम धडधडते, अँजिओग्राफी नॉर्मल आली, आता पुण्याला न्यायचं का, असं एकाने विचारलंय. अँजिओत रक्तवाहिन्या दिसतात, हृदयातलं वायरिंग नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट, म्हणजे कार्डिओलॉजीनंतर ठोक्यांचं वेगळं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर बघा. पण पुण्याची गाडी धरण्याआधी कोल्हापुरातच ती धडधड कागदावर पकडा. आठवड्यातून एकदाच येत असेल तर २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) बहुतेक सापडायची नाही. जास्त दिवसांचा रेकॉर्डर मागा, किंवा धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा. त्या पट्टीची लगेच झेरॉक्स मारा. थर्मल कागदावरची रेघ पुसट होत जाते, मग नवा डॉक्टर कपाळाला हात लावतो. (असल्या फायली बक्कळ बघितल्यात.)

डॉक्टरला बिनधास्त विचारा, ॲब्लेशन (हृदयात नळी घालून ठोके बिघडवणारी जागा निकामी करणं) तुम्ही स्वतः करता की बाहेरून कोण येतं? नंतर त्रास झाला तर बघणार कोण? एसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून एकदम सुरू होणारी वेगवान धडधड) असेल तर ॲब्लेशनने बहुतेकांचं कायमचं सुटतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात नि ठोके अनियमित पडतात) तेवढी खात्री नाही, तिथे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा निर्णय आधी. वडील चक्कर येऊन पडले असतील तर मात्र ही शोधाशोध बाजूला ठेवा नि आजच दवाखाना गाठा.