पट आणि पद

'निवडून आलो की तीन महिन्यांत मनपा शाळेत शिक्षक भरतो,' असं आमच्या प्रभागातले महापालिका निवडणुकीचे उमेदवार म्हणतायत. पण भरती होते शिक्षक अभियोग्यता चाचणीच्या (टेट, TAIT) गुणांवर, राज्य सरकारच्या 'पवित्र' या भरती पोर्टलमधून. नगरसेवकाच्या हातात ती नाहीच.

मुळात पदं ठरतात संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवताना, ३० सप्टेंबरच्या पटावर. तोही आधार जुळलेला. दाखल्यावर 'तनुजा', आधारवर 'तनूजा', की मूल वर्गात बसूनही मोजणीत नाही! शिक्षक किती मिळणार, हे या मोजलेल्या पटावरच ठरतं. पट काठावर असेल, तर एका मुलानेही पद जातं.

त्यामुळे उमेदवारांना विचारा, ऑगस्टमध्ये शाळेतच आधार दुरुस्तीचं शिबिर लावणार का? तेवढं नगरसेवकाला सहज जमतं.