मार्चपर्यंत पेटीला हात लावू नका? कुणी सांगितलं?

कोरेगावकर
काल 'सातारा_परसबाग' यांनी लिहिलंय: "परसातल्या मधपेट्या थंडी पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उघडू नयेत. माश्या आत गोळा करून ऊब धरून बसलेल्या असतात. पेटीला पोतं गुंडाळा आणि शांत बसा."

वाचलं आणि हातातला चहा गार झाला. पोतं गुंडाळा! अहो, बर्फात चार महिने गाडलेल्या पेट्यांचा व्हिडिओ बघून साताऱ्यात सल्ला देताय. आपल्याकडे पहाटे १२-१३ अंश असतं आणि अकराला स्वेटर कमरेला बांधावा लागतो. सातेरीचा, म्हणजे आपल्या पेटीतल्या देशी माशीचा, उपासाचा काळ पावसाळा, थंडी नव्हे. जुलै-ऑगस्टात तिला साखरपाक पाजून जगवावं लागतं. संक्रांतीनंतर शेवगा असतो, काटेसावर फुलते, बियाण्याच्या कांद्याला गोंडे येतात. राणी कधीच कामाला लागलेली असते, आणि तुम्ही बसा पोतं धरून.

दोन वर्षांपूर्वी मीही हा शहाणपणा केला होता. दोन पेट्या. मार्चला उघडल्या. पहिलीच्या तळपाटावर मेणाचा चुरा बोटभर साठलेला, त्यात मेणकिड्याच्या अळ्या वळवळत होत्या, आणि कडेच्या दोन चौकटी पांढऱ्या जाळीनं एकमेकींना चिकटलेल्या. सातेरी जुनं पोळं स्वतःच कुरतडून खाली टाकते. तो चुरा आपण काढला नाही की किड्याला आयतं घर. दुसरीत चौकटीच्या खालच्या कडेला गाईच्या सडांसारखे पाच राणीकोष, म्हणजे नवी राणी वाढते ते कप्पे, लोंबत होते, त्यातल्या एकाचं टोक गोल कापलेलं, झाकण बिजागरीसारखं लटकतंय. म्हणजे नवी राणी बाहेर आली होती आणि जुनी निम्म्या माश्या घेऊन कधीच गेली होती. शेजारच्या चिंचेवर आठ दिवस घोस होता म्हणे. शेजाऱ्यानं मला सांगितलं नाही. त्याला वाटलं आग्या.

जानेवारीच्या शेवटी, दुपारी बारा-एकला, वारा नसताना दहा मिनिटं उघडायची. अंडी आहेत का, साठा किती, तळ साफ. बास.

पाचगणीचे_काका
कोरेगाव म्हणजे अख्खा जिल्हा नव्हे. वेण्णा तळ्याकाठी दव गोठल्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात, ते काय फ्रीजमधले असतात? आमच्याकडे जांभळीचा मध एप्रिल-मेचा. तुमच्या शेवग्याचा हिशेब खाली ठेवा.

दुसरं, राग येईल, पण सांगतो. मी तीस वर्षं पेट्या सांभाळतोय. माझ्या वसाहती थंडीनं फार कमी गेल्या. गेल्या त्या उघडझापीनं. पाहुणा आला, उघड पेटी. नातवाला राणी दाखवायचीय, उघड पेटी. सातेरी मानी जात आहे. फार छळलं की अंडी-अळ्या टाकून अख्खी वसाहत निघून जाते, मागे रिकामं पोळं. तेव्हा 'हात लावू नका' हा सल्ला चुकीचा असला तरी 'दर रविवारी बघा'पेक्षा बरा.

कोरेगावकर
काका, दर रविवारी कोण म्हणालं?

मिरज_गच्ची
मी म्हणतो 🙋 दर रविवारी उघडतो, काही होत नाही. अर्थात माझ्याकडे मेलीफेरा, म्हणजे विलायती माशी आहे, ती शांत. आणि पहिल्या तपासणीलाच एकास एक साखरपाक सुरू करतो. राणीला वाटतं फुलोरा आला, अंडी वाढतात. मार्चला मधकोठी, म्हणजे वरचा मधाचा मजला, भरते.

वाळव्याचा_पोरगा
मार्चला मधकोठी भरते. कशानं भरते ते तुम्हीच सांगितलंत की!

मिरज_गच्ची
दादा, पाक अंडी वाढवायला असतो. मधकोठी चढवायच्या आधी बंद करतो.

वाळव्याचा_पोरगा
आधी म्हणजे किती दिवस आधी? खालच्या कोठीत साठवलेला पाक माश्या वर नेत नाहीत असं त्यांनी तुम्हाला लिहून दिलंय? आमच्या तालुक्यात साखरेला तोटा नाही, पण ती माशीच्या पोटातून काढून पाचपट भावानं विकायची कला मिरजेचीच.

मिरज_गच्ची
तोंड सांभाळून. मी मध विकत नाही, घरी खातो. आणि पाक जगभर देतात.

वाळव्याचा_पोरगा
युरोपात बीट असतं. तुमची साखर उसाची. उन्हातून अन्न बनवायच्या पद्धतीवरून झाडांचे गट पडतात: ऊस सी-४ गटातला, आपल्या माश्या जिथं जातात ती बहुतेक फुलझाडं सी-३ची. दोन्हींतल्या कार्बनचा ठसा वेगळा, प्रयोगशाळेत उसाची भेसळ धरता येते. म्हणून तर मोठ्या लोकांनी चाचणीला चकवणारे पाक शोधले. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेनं १३ ब्रँडचे नमुने तपासले, एनएमआर या भेसळ पकडणाऱ्या प्रगत चाचणीत ३च पास झाले. लोकांचा मधावरचा विश्वास असाच गेला. मी खरा मध घेऊन बाजारात उभा राहतो तर गिऱ्हाईक म्हणतं, थेंब पाण्यात टाकून दाखव, काडी पेटवून दाखव. अरे काडी पेटते म्हणजे मध खरा, हे कुणी शिकवलं! त्या दिवशी एका बाईंनी माझ्या बाटलीतला मध कुत्र्यापुढं ठेवला. कुत्र्यानं चाटला, म्हणून भेसळ!

कोरेगावकर
मूळ प्रश्न पेटी कधी उघडायची हा होता.

वाईवाली_ताई
मी साखर टाळावी म्हणून गुळाचं पाणी ठेवलं होतं. सेंद्रिय गूळ, चांगला पिवळाधमक. तिसऱ्या दिवशी माश्यांना हगवण. पेटीच्या पुढच्या फळीवर तपकिरी ठिपके, ते एक वेळ ठीक. पण शेजारच्या वहिनींनी वाळत घातलेल्या दोन साड्या, त्यातली एक नवी. अजून बोलत नाहीत माझ्याशी. हळदीकुंकवालाही आल्या नाहीत यंदा. तेव्हा गुळाचा प्रयोग कुणी करू नका. पाक द्यायचाच तर साध्या पांढऱ्या साखरेचा, आणि पेटीच्या आत, संध्याकाळी. बाहेर वाटीत ठेवला की दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात आणि दारात मारामारी.

वाळव्याचा_पोरगा
ताई, गूळ म्हणालात म्हणून. गुऱ्हाळावर येऊन बघा काहिलीभोवती किती माश्या मरून पडतात. रसवंतीच्या बादलीत तर थरच असतो. तिथं गोड आयतं मिळतं, म्हणून जातात आणि बुडतात. साखरेनं माशी मारायचे आणखी किती प्रकार हवेत?

मिरज_गच्ची
म्हणजे आता गुऱ्हाळातल्या माश्याही मीच मारल्या. गांधील माश्या राहिल्यात, त्यांचंही नाव घाला माझ्यावर.

पलूस_द्राक्षवाला
पाकावर एवढं रण, पण फवारणीचं कुणी नाव काढत नाही. माझ्या शेजारच्या बागेत भरदुपारी ट्रॅक्टरनं फवारलं, माझ्या पेटीपुढं पोत्यानं माश्या. जीभ बाहेर आलेल्या, गोल गोल फिरत मरत होत्या. मीही द्राक्षवालाच आहे, मलाही मारावं लागतं औषध. पण माश्या कामावर नसताना, सूर्य बुडाल्यावर मारता येतं की! संध्याकाळी म्हटलं तर तो म्हणतो मजूर थांबत नाहीत. पेटी जानेवारीत उघडा नाहीतर मार्चमध्ये, आत माशी शिल्लक असेल तर ना.

पाचगणीचे_काका
हे मात्र खरं. मूळ प्रश्नाला धरून नाही, पण खरं.

मिरजकर, तुमच्यासाठी एक. पाक हे औषध आहे, खुराक नव्हे. साठा पुरता संपला असेल आणि बाहेर फूल नसेल तर द्या. आमच्याकडं पावसाळ्यात त्याशिवाय गत्यंतरच नाही, वाळव्याच्या पोरानं एक आषाढ महाबळेश्वरात काढून बघावा. पण फेब्रुवारीत मिरजेत बाहेर फुलं असताना पाजताय, ते माशीसाठी नाही, तुमच्या घाईसाठी. आधी चौकट उचलून बघा. वरच्या कडेला बंद मधाचा पट्टा दिसतोय ना? मग साखर परत डब्यात.

मिरज_गच्ची
बघितलं नव्हतं. पट्टा असतो म्हणा. पण त्या पोरानं आधी भेसळवाला म्हटल्याची माफी मागावी.

वाळव्याचा_पोरगा
भेसळवाला म्हटलं नाही. कला म्हटलं. कलेची माफी नसते.

सातारा_परसबाग
मीच मूळ पोस्टवाला. कालपासून मी पुण्याचा आहे, मला माशी माहीत नाही, मी व्हिडिओवरून शिकलो, असं सगळं ऐकून घेतलं. व्हिडिओवरूनच शिकलो, कबूल. शिकवायला आजोबा सगळ्यांनाच नसतात.

आज दुपारी साडेबाराला उघडली, पोतं काढून. आठ चौकटी, पाचांवर माश्या. अंडी आहेत, उभी, एका घरात एकच. तळपाटावर चिमूटभर चुरा होता, ब्रशनं काढला. मेणकिडा नाही. एका अळीवर संशय होता, ती माझ्या पोत्यातली निघाली. राणी दिसली नाही, शोधायला थांबलोही नाही, एवढं काकांचं ऐकलं. खालच्या कडेला मात्र मोठे फुगीर कप्पे आहेत, पंधरा-वीस, बंद.

पोस्ट बदलतो. 'मार्च' खोडून 'पाचगणीच्या वर असाल तर मार्च' लिहितो. कोरेगावकरांचं समाधान झालं असेल अशी आशा.

कोरेगावकर
झालं नाही. ते फुगीर कप्पे बघा परत. टोपीच्या मधोमध सुईनं टोचल्यासारखं छिद्र आहे?

सातारा_परसबाग
फोटोत मोठं करून बघितलं. आहे. बहुतेकांना.

कोरेगावकर
नराचे कप्पे आहेत. म्हणजे वसाहत फुटून निम्म्या माश्या उडायची तयारी सुरू झालीय. आता आठवड्यानं फक्त कडा बघा, राणीकोष धरलेत का. रिकामी पेटी आहे?

सातारा_परसबाग
नाही.

कोरेगावकर
मग उद्याच आणा. माझ्याकडं एक जुनी आहे, कोरेगावला येऊन घेऊन जा. झाकण जरा वाकलंय, ते सुताराला दाखवा.

मिरज_गच्ची
वसाहत विभागल्यावर नव्या पेटीला थोडा पाक द्यावा लागतो हं.

वाळव्याचा_पोरगा
झालं सुरू.