तालुक्याचा वकील आमदार झाला तर वकिलीचं काय?

दिवाणी_वकील
नमस्कार. तालुक्याच्या कोर्टात अकरा वर्षं वकिली करतोय. वाटणीचे दावे, वहिवाटीची भांडणं, मनाईचे अर्ज, हेच रोजचं काम. यंदा चार गावची मंडळी विधानसभेला उभे राहा म्हणून मागे लागली आहेत. निवडून आलो तर वकिली चालू ठेवता येते का? आणि कोर्टात जे शिकलो त्याचा तिथे काही उपयोग होतो का? कुणी जवळून पाहिलं असेल तर सांगा.

सनदवाले_काका
कायद्याचं तेवढं सांगतो. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलाय, आमदार-खासदारांना वकिली करायला बंदी नाही. बार कौन्सिलचा ४९ वा नियम पगारी पूर्णवेळ नोकरांसाठी आहे आणि लोकप्रतिनिधी तसा नोकर नव्हे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जाणत्याने द्यावं.

माणदेशी_कारकून
वकीलसाहेब, मी सांगोला तालुक्यातला. तीस वर्षं वकिलांकडे कारकुनी केली. आमचे आबासाहेब, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख, वकीलच होते. १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले, २०१४ ला अकराव्यांदा. मधे दोनदाच पडले, १९७२ ला आणि १९९५ ला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले.

७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आई सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या गुंडाळायची, संध्याकाळी त्या सोडताना चिंधीबरोबर कातडं निघायचं. दुपारी सुकडी, म्हणजे कामावर वाटायचा कोरडा खाऊ, मिळायची, त्यातली मूठभर ती पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. एकदा मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, खाडाखोड झाली आणि तिचे चार दिवस बुडाले. अंगठा उठवणारी बाई, मुकादमाला विचारणार काय?

पुढे १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तेव्हापासून काम मागणं हा हक्क झाला. मेहेरबानी आणि हक्क यातला फरक वकिलाला सांगावा लागत नाही, तुमचं शिक्षण उपयोगी पडतं ते इथे. १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात हेच रोजगार हमीचं खातं आबासाहेबांकडे आलं. बातमी मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आता मस्टर नीट लिहितील का रं?"

दुसरी गोष्ट चिकाटीची. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागात आणायचं, यासाठी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ ला आटपाडीत पाणी परिषद भरवली. तेरा दुष्काळी तालुक्यांची ही चळवळ, आबासाहेब तिच्यात पहिल्यापासून. मी परिषदेला दोनदा गेलो होतो. दरसाल तीच मागणी, तेच उन्हाने रापलेले चेहरे. दिवाणी दावा जसा बापाकडून पोराकडे येतो तसं हे काम चालतं. तारखेला कंटाळणाऱ्या माणसाचं ते नव्हे.

९५ ला ते १९२ मतांनी पडले. त्या दिवशी मी आणि माझा मेहुणा सोलापुरात कामावर होतो, मतदानाला आलोच नाही. त्या १९२ मधली दोन मतं आमची, ही गोष्ट मला अजून टोचते. आबासाहेब २०२१ च्या जुलैत गेले.

दिवाणी_वकील
कारकूनकाका, आईंच्या त्या चार दिवसांचं पुढे काय झालं?

माणदेशी_कारकून
मिळाले नाहीत. म्हणून तर मी कागद वाचायला शिकलो.

एक विनंती. उभे राहणार असाल तर आधी पक्षकारांना एकेक करून बोलवा आणि त्यांची प्रकरणं भरवशाच्या वकिलाकडे लावून द्या. हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं. तुम्ही तिकडे आणि इथे तारीख, तर एसटीचं भाडं खर्चून आलेली म्हातारी व्हरांड्यात बसून राहते आणि पाच वाजता उठून घरी जाते. असे मी फार पाहिलेत.