हेपरिनऐवजी बायव्हॅलिरुडिन: साचलेलं रक्त हा खरा धोका

हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधामुळे प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) घसरत असतील तर हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेला सरळ बायव्हॅलिरुडिन हे त्याच कामाचं दुसरं औषध वापरा, हा इथल्या चर्चेत वाशीच्या एका ताईंनी मांडलेला मुद्दा पटतो. पण नुसतं औषध बदलून भागत नाही, शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुफ्फुसांचं काम करणारा पंप चालवायची पद्धतच बदलावी लागते. वजनाच्या दर किलोला १ मिग्रॅ शिरेतून, पंपात आधी भरलेल्या द्रवात ५० मिग्रॅ, मग दर किलोला तासाला २.५ मिग्रॅ असा साधारण डोस असतो. हेपरिनला प्रोटामीनचा उतारा आहे, याला कुठलाच नाही. मूत्रपिंड ठीक असेल तर अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे २५ मिनिटं, तेवढाच आधार. मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तस्राव लांबतो.

या चर्चेत कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे ज्या थ्रॉम्बिनला (रक्त गोठवणारं प्रथिन) हे औषध अडवतं, तेच थ्रॉम्बिन हे औषध तोडतं. त्यामुळे रक्त जिथे थांबतं तिथे औषध संपतं आणि गुठळी होते: रिझर्व्हॉयरमध्ये (पंपाची रक्त साठवायची टाकी), छातीच्या पोकळीत, क्लॅम्प (चिमटा) लावून बंद केलेल्या ग्राफ्टमध्ये (बायपाससाठी जोडायची रक्तवाहिनी). ग्राफ्ट अधूनमधून फ्लश करावे लागतात, पंपाच्या सर्किटमधलं (नळ्यांमधलं) रक्त फिरतं ठेवावं लागतं. शरीर फार थंडही करायचं नाही, औषध तुटायचा वेग मंदावतो. म्हणून ठाण्यात असो की नवी मुंबईत, अशा रुग्णासाठी रुग्णालय निवडताना पर्फ्युजनिस्टने (हा पंप चालवणारा तंत्रज्ञ) हे औषध पंपावर आधी हाताळलंय का, हे जरूर विचारा.